धर्म बदलण्याचा हक्क आणि जगाची देखरेख

गेल्या वर्षावासात आपल्या सोसायटीच्या अभ्यासवर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, "सर, आपल्या धर्मस्वातंत्र्यावर कोणी गदा आणली तर युनोकडे तक्रार करता येते का? आणि केली तर पुढे काय होते?" वर्गात थोडे हसू पिकले. मागच्या रांगेतून कोणीतरी "आधी ग्रामपंचायतीत तर कर" असेही म्हणाले. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. त्या दिवशी मी दिलेले उत्तर अपुरे होते. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तेच उत्तर सविस्तर लिहावे असे ठरविले. सभासद बंधू-भगिनींनी आणि विद्यार्थी मित्रांनी हा एक पाठ म्हणून वाचावा, ही विनंती.

पाठाला सुरुवात करण्यापूर्वी घरातली एक गोष्ट सांगतो. १९७४ साली माझ्या थोरल्या भावाने केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. आम्ही त्याला दादा म्हणतो. मॅट्रिकला दादाला बरे गुण होते. अर्ज घेणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी कळकळीनेच सांगितले, "धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलेस तर राखीव जागेवरचा हक्क जाईल. हिंदू लिही, पुढे जात लिही, काम होऊन जाईल." दादा तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेला. त्याला त्यातले काही आठवत नाही, पण घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की ती त्याची स्वतःची आठवण झाली आहे. त्याने रकान्यात बौद्ध असे लिहिले. यादीत नाव आले नाही. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिलेल्या होत्या म्हणून पुढे तो प्राथमिक शिक्षक झाला, ही गोष्ट निराळी. ज्यांनी त्या काळी पोटासाठी 'हिंदू' लिहिले त्यांना मी दोष देत नाही. आमच्याच नात्यात तसे पुष्कळ आहेत.

आता विचार करा. दादाला कोणी मारले नाही, शिवी दिली नाही, विहारात जाण्यास मनाई केली नाही. मग त्याच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला पडला होता का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आंतरराष्ट्रीय कायद्याचा निम्मा अभ्यास होऊन जातो.

एका शब्दाचा प्रवास

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत केला. त्याचे अठरावे कलम विचार, सद्सद्विवेकबुद्धी आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचे आहे. त्यात एक गोष्ट स्पष्ट शब्दांत घातली आहे, ती म्हणजे धर्म वा श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य. हा 'बदलण्याचे' शब्द सहजासहजी आला नाही. लेबाननचे प्रतिनिधी चार्ल्स मलिक यांनी त्याचा आग्रह धरला. सौदी अरेबियाच्या प्रतिनिधींनी तो काढून टाकावा अशी दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचाच आधार देऊन धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्याला पाठिंबा दिला. मतदान झाले तेव्हा ४८ राष्ट्रे बाजूने होती, विरोधात एकही नव्हते आणि ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. तटस्थांत सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिका आणि सोव्हिएत गटातील राष्ट्रे होती. भारताने बाजूने मत दिले.

जफरुल्ला खान यांची गोष्ट येथे संपत नाही. ते अहमदिया पंथाचे होते. १९७४ साली पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरविले. १९८४ च्या अध्यादेशाने तर त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणविणे हाच गुन्हा झाला. ज्या माणसाने जगासमोर श्रद्धास्वातंत्र्याची बाजू मांडली त्याच्याच समाजाला आपल्या देशात ते उरले नाही. बहुसंख्येच्या हाती सत्ता आली की कोणाचा धर्म खरा हे सरकार ठरवू लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे काय चालले होते? मार्च १९४७ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. प्रत्येक नागरिकाला आपला धर्म सांगण्याचा, त्याचा उपदेश करण्याचा आणि धर्मांतर करण्या-करविण्याचा हक्क असावा, असे कलम त्यात आहे. म्हणजे जागतिक जाहीरनाम्याच्या सुमारे पावणेदोन वर्षे आधी बाबासाहेबांनी हाच हक्क कायद्याच्या भाषेत लिहून ठेवला होता. येवल्याची घोषणा तर त्याही आधीची, १३ ऑक्टोबर १९३५ ची. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात अखेर धर्म सांगणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे हे तीन शब्द आले. 'धर्मांतर' हा शब्द आला नाही. पुढे १९७७ साली स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असा अर्थ लावला. शब्द गाळला गेला की काय होते हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट, ज्या मुलीच्या प्रश्नाला वर्ग हसला तिच्यासाठी. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. डब्ल्यू.ई.बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही त्या मार्गाने मांडण्याचा विचार चालू होता. डुबॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेर सहानुभूतीचे उत्तर पाठविले. युनोकडे जाण्याची कल्पना हास्यास्पद नाही, ती बाबासाहेबांच्याही मनात आली होती.

जाहीरनामा हा बंधनकारक कायदा नव्हता. ते काम १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याने केले. तो २३ मार्च १९७६ पासून अमलात आला आणि भारताने तो १० एप्रिल १९७९ रोजी मान्य केला. यातही अठरावेच कलम धर्मस्वातंत्र्याचे आहे. पण तडजोडीत 'बदलण्याचे' हा शब्द पुन्हा गळाला आणि आपल्या निवडीचा धर्म 'असण्याचे वा स्वीकारण्याचे' स्वातंत्र्य असे शब्द आले. याचा अर्थ धर्म बदलता येत नाही असा काहींनी लावला. अखेर करारनाम्यावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९३ साली आपल्या बाविसाव्या सर्वसाधारण भाष्यात स्पष्ट केले, की स्वीकारण्यात बदलणे आलेच, आणि कोणताही धर्म न मानणेही आले.

याच भाष्यात आपल्या दृष्टीने फार मोलाची एक गोष्ट आहे. ईश्वर मानणाऱ्या, ईश्वर न मानणाऱ्या आणि नास्तिक अशा सर्व श्रद्धांना हे संरक्षण आहे असे समितीने म्हटले आहे. 'देव मानत नाही तर तुमचा धर्म कसला?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी विचारलेला असतो. निदान आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने तो निकालात निघालेला आहे.

हेही लक्षात ठेवावे, की मनात श्रद्धा बाळगणे आणि ती बाहेर आचरणे यांत कायदा फरक करतो. आचरणावर, म्हणजे मिरवणूक, ध्वनिक्षेपक, विधी यांवर सुव्यवस्था, आरोग्य, नीती आणि इतरांचे हक्क यांसाठी कायद्याने आवश्यक तेवढी मर्यादा घालता येते. मनातल्या श्रद्धेवर मुळीच नाही. आणीबाणीतही अठरावे कलम स्थगित करता येत नाही, असे चौथ्या कलमात आहे.

सक्ती म्हणजे केवळ काठी नव्हे

आता दादाच्या अर्जाकडे वळू. अठराव्या कलमाचे दुसरे उपकलम म्हणते, की आपल्या निवडीचा धर्म असण्याच्या वा स्वीकारण्याच्या स्वातंत्र्याला बाध आणील अशी सक्ती कोणावरही होता कामा नये. सक्ती म्हणजे काय? तुरुंग, मारहाण, दंड हे तर झालेच. परंतु १९९३ च्या त्याच भाष्याच्या पाचव्या परिच्छेदात समिती पुढे जाते. शिक्षण, वैद्यकीय मदत, नोकरी, तसेच मतदान करण्याचा व निवडून येण्याचा हक्क यांवर निर्बंध घालून जर तोच परिणाम साधला जात असेल, तर तेही या उपकलमाशी विसंगत आहे. मी हा परिच्छेद प्रथम वाचला तेव्हा दादाला फोन करून वाचून दाखविला. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे त्यांना कळत होते तर."

ही गोष्ट एकट्या दादाची नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या लेखी ते त्या दर्जातून बाहेर पडले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयात 'पंजाबराव विरुद्ध मेश्राम' हा खटला निकालात निघाला. विदर्भातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तो चांगला आठवत असेल. राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेल्या मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, सबब ते हिंदू नाहीत, सबब अनुसूचित जातीचे नाहीत, असे न्यायालयाने ठरविले आणि निवडणूक रद्द झाली. त्या निकालातला विरोधाभास पाहा. न्यायालयाने मेश्रामांचे धर्मांतर खोटे मानले नाही. उलट जाहीरपणे धम्म स्वीकारणारा मनुष्य खरोखरच बौद्ध झाला, असे मान्य केले आणि त्या मान्यतेचीच किंमत त्यांना मोजावी लागली. माणूस तोच, वस्ती तीच, विहीर तीच, गावाची नजर तीच. बदलला तो रकान्यातला शब्द.

१९९० साली संसदेने कायदा करून बौद्धांचा समावेश केला. चौतीस वर्षांनी. या काळात किती दादा यादीबाहेर राहिले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. १९९३ मध्ये केंद्र सरकारने बौद्धांना राष्ट्रीय अल्पसंख्याक समाज म्हणून अधिसूचित केले, तेही येथे नोंदविले पाहिजे.

मात्र येथेच एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. जो न्याय आपल्याला १९९० मध्ये मिळाला तो दलित ख्रिस्ती व दलित मुस्लिम यांना मिळालेला नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आपल्यातले अनेक कार्यकर्ते म्हणतात, वाटा आधीच अपुरा आहे, त्यात आणखी वाटेकरी कशाला? ही भीती मी समजू शकतो. वाटा वाढवून मागण्याची लढाई जरूर करावी. पण धर्म बदलल्यामुळे हक्क जाणे ही सक्ती होय, हे तत्त्व आपल्यासाठी खरे आणि शेजाऱ्यासाठी खोटे, असे म्हणता येत नाही.

देखरेख कोण करते आणि कशी

विद्यार्थी येथे नेहमी गल्लत करतात, म्हणून आधी एक खुलासा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने तेथे एक आयोग स्थापन झाला असून तो जगातील धर्मस्वातंत्र्यावर दरवर्षी अहवाल काढतो. वर्तमानपत्रांत त्याचीच बातमी जास्त येते. पण तो एका देशाचा आयोग आहे, युनोचा नव्हे. त्याच्या अहवालाला त्या देशाच्या परराष्ट्र धोरणाची सावली असते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. आपला विषय युनोच्या यंत्रणेचा आहे.

पहिली यंत्रणा म्हणजे वर उल्लेखिलेली मानवी हक्क समिती. तिच्यात १८ तज्ज्ञ असतात. करारनामा मान्य केलेल्या राष्ट्रांनी ठरावीक काळाने तिला अहवाल द्यायचा, समिती जिनिव्हात सरकारच्या प्रतिनिधींना समोरासमोर प्रश्न विचारते आणि शेवटी आपली निरीक्षणे प्रसिद्ध करते. सरकारी अहवालाबरोबर सामाजिक संस्था आपले समांतर अहवाल पाठवू शकतात, आणि सदस्यांचे अडचणीचे प्रश्न पुष्कळदा त्यांतूनच येतात. भारताच्या अहवालावर १९९७ मध्ये चर्चा झाली. त्यानंतरची चर्चा थेट जुलै २०२४ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. धार्मिक अल्पसंख्य, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्याविरुद्धचा भेदभाव व हिंसाचार यांबद्दल समितीने तेव्हा चिंता व्यक्त केली. सत्तावीस वर्षांत शाळेत असलेले मूल आईबाप होते. देखरेखीचे घड्याळ किती सावकाश चालते याची यावरून कल्पना यावी.

याच समितीकडे व्यक्तीला थेट तक्रार करता येते, पण एका अटीवर. तिच्या देशाने करारनाम्यासोबतचा ऐच्छिक मसुदा मान्य केलेला असला पाहिजे. भारताने तो मान्य केलेला नाही. त्यामुळे त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर, हे दार आपल्यासाठी बंद आहे. श्रीलंकेने ते उघडले होते, म्हणून तेथे एक लक्षणीय प्रकरण घडले. होली क्रॉस संघाच्या कॅथलिक जोगिणींना, ज्या शिक्षणाचे व सेवेचे काम करतात, आपल्या संघाची कायद्याने नोंदणी करून हवी होती. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. सेवाकार्यातून धर्मप्रसार होईल आणि बुद्धशासनाला बाध येईल, असा त्यामागील आशय होता. जोगिणी समितीकडे गेल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये समितीने निर्णय दिला, की हा धर्मस्वातंत्र्याचा भंग आहे आणि इतर धार्मिक संस्थांना मिळालेली नोंदणी यांनाच नाकारणे हा भेदभावही आहे. आपल्या सोसायटीच्या कार्यालयात भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र काचेत लावलेले आहे. त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. त्या कागदाशिवाय बँकेत खाते निघत नाही, जागा नावावर होत नाही, देणगीची पावती फाडता येत नाही. या जोगिणी त्याच कागदासाठी जिनिव्हापर्यंत गेल्या.

युरोपातील राष्ट्रांनी तर आपले स्वतंत्र न्यायालयच उभारले आहे. ग्रीसमधील मिनोस कोकिनाकिस हे यहोवाचे साक्षीदार पंथाचे वृद्ध गृहस्थ. घरोघर जाऊन धर्माची चर्चा करीत म्हणून आयुष्यात साठाहून अधिक वेळा त्यांना अटक झाली. १९८६ मध्ये क्रीट बेटावर एका घरी जाऊन बोलल्याबद्दल त्यांना पुन्हा शिक्षा झाली. २५ मे १९९३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ग्रीसला दोषी ठरविले. आशियात असे न्यायालय नाही.

मग आपल्यासाठी उरते ते तिसरे दार, विशेष प्रतिवेदक. १९८१ च्या २५ नोव्हेंबरला आमसभेने धार्मिक असहिष्णुता व भेदभाव नष्ट करण्याविषयीचा जाहीरनामा काढला. या कामाचा पाया अर्कोट कृष्णस्वामी या भारतीय अभ्यासकाने १९६० च्या आपल्या अहवालात घातला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. जाहीरनाम्यावर लक्ष ठेवण्यासाठी १९८६ मध्ये एका स्वतंत्र व्यक्तीची नेमणूक सुरू झाली. पोर्तुगालचे रिबेरो, ट्युनिशियाचे अब्देलफताह अमोर, पाकिस्तानच्या अस्मा जहांगीर, जर्मनीचे हायनर बीलेफेल्ट, मालदीवचे अहमद शहीद, आणि २०२२ पासून नाझिला घानिया असा हा क्रम आहे. या पदाला पगार नाही. पोलीस नाहीत, न्यायालय नाही. देशाने आमंत्रण दिल्याशिवाय तेथे पाहणीला जाताही येत नाही. प्रतिवेदक दोनच गोष्टी करू शकतात. सरकारला पत्र लिहून जाब विचारायचा आणि जे पाहिले ते लिहून प्रसिद्ध करायचे. पण त्यांच्याकडे तक्रार पाठविण्यासाठी देशाने कोणताही मसुदा मान्य केलेला असण्याची अट नाही. त्या मुलीसाठी हे दार उघडे आहे.

अमोर १९९६ मध्ये भारतात आले होते, जहांगीर मार्च २००८ मध्ये. जहांगीर लाहोरच्या वकील. भारतात येण्याच्या चारच महिने आधी, पाकिस्तानातील आणीबाणीत, या पदावर असतानाच त्यांना स्वतःच्या घरात स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांच्या भारतविषयक अहवालात अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस आहे, आणि राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांचा फेरविचार व्हावा अशीही. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. पण एखादी गोष्ट जिनिव्हाच्या दप्तरात गेली, की पुढच्या प्रत्येक चर्चेत तीच ओळ काढून विचारता येते, याचे काय झाले?

जेथे हात पोहोचत नाही

या यंत्रणेबद्दल भाबडेपणा नको. १४ मे १९९५ रोजी परमपावन दलाई लामा यांनी गेधुन चोएकी न्यिमा या तिबेटी बालकाला पंचेन लामा म्हणून घोषित केले. तो सहा वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आईवडिलांसह नेले. १९९६ मध्ये युनोच्या बालहक्क समितीने विचारणा केली, तेव्हा कुटुंबाच्याच विनंतीवरून तो सरकारच्या संरक्षणात आहे असे उत्तर आले. स्वतंत्र व्यक्तीला त्याला भेटू द्यावे ही मागणी समितीने पुन्हा पुन्हा केली, प्रतिवेदकांनीही पत्रे लिहिली. २०२० मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याने सांगितले, की तो पदवीधर झाला असून नोकरी करतो आणि त्याला त्रास दिलेला आवडणार नाही. बाहेरच्या कोणाला त्याची भेट मिळाली नाही. पत्रे गेली, उत्तरे आली, फाईल जाड झाली आणि मुलगा दिसला नाही.

चीनबद्दल बोलताना आपला आवाज चढतो. तसाच तो म्यानमारबद्दल चढला पाहिजे. तेथे बौद्ध बहुसंख्य आहेत. २०१५ मध्ये तेथे वंश व धर्म संरक्षणाच्या नावाखाली चार कायदे झाले आणि त्यासाठी भिक्खूंच्या संघटनेने चळवळ केली होती. त्यांतील एका कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्याला स्थानिक मंडळापुढे अर्ज करून मुलाखत द्यावी लागते. म्यानमारवरील युनोच्या प्रतिवेदक यांगही ली यांनी त्यावर टीका केली. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. आपल्या विहारांतून याची चर्चा फार कमी झाली. मला ते खटकते.

विहाराचे वर्ष आणि सहावे कलम

१९८१ च्या जाहीरनाम्याचे सहावे कलम विद्यार्थ्यांनी आपल्या विहाराच्या वर्षासमोर ठेवून वाचावे. पौर्णिमेला आपण जमतो आणि विहाराची जागा राखतो, ते त्यात आहे. सोसायटीचे वाचनालय आणि रक्तदान शिबिर म्हणजे सेवाभावी संस्था चालविणे, तेही आहे. मूर्ती, पंचशील ध्वज, मेणबत्त्या बाळगणे आहे. ही स्मरणिका छापणे आणि वाटणे आहे. रविवारचा बालसंस्कार वर्ग आहे. वर्गणी मागणे व स्वीकारणे आहे. श्रामणेर शिबिर आणि बौद्धाचार्यांचे प्रशिक्षण, बुद्ध जयंती व धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करणे, थायलंड-श्रीलंकेच्या विहारांशी पत्रव्यवहार ठेवणे, सारे आहे. महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापनाचा प्रश्नही याच कलमाच्या भाषेत मांडता येतो. १९४९ च्या कायद्याने तेथील समितीत जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि चार बौद्ध, चार हिंदू सदस्य अशी रचना केली आहे.

एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारच्या गृहखात्याने परिपत्रक काढले, की बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म समजावा आणि हिंदू धर्मातून त्यात जाणाऱ्याने २००३ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी. त्याआधी काही कार्यालये, बौद्ध हे हिंदूंतच मोडतात, परवानगी कशाला, असे सांगून अर्ज निकालात काढीत होती. आपल्या काही मित्रांना परिपत्रकाच्या पूर्वार्धाचा आनंद झाला. उत्तरार्ध मात्र मला बोचतो. मन बदलण्यासाठी अधिकाऱ्याची सही लागत असेल, तर मघाशी मनातल्या श्रद्धेबद्दल जे वाचले त्याचे काय उरले?

आता तक्रार कशी लिहावी. जिनिव्हाच्या कार्यालयाचे नियम साधे आहेत. तक्रार निनावी चालत नाही. केवळ वर्तमानपत्राच्या कात्रणावर आधारलेली चालत नाही. शिवराळ भाषा किंवा उघड राजकीय हेतू असला तर ती बाजूला पडते. तक्रार स्वतः पीडिताने, किंवा त्याच्या संमतीने खात्रीलायक माहिती असलेल्याने करावी. काय घडले, कोठे, कोणत्या दिवशी, कोणी केले, पोलिसांत फिर्याद दिली का, तिची प्रत आहे का, अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिले, हे सांगावे. आपल्याकडच्या तक्रारी नेमक्या येथेच कच्च्या पडतात. आपण निषेधाचे पत्रक तासाभरात काढतो, पण घटनेची तारीख दोन साक्षीदार दोन सांगतात. जिल्हाधिकारी, राज्य व राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग, मानवी हक्क आयोग, उच्च न्यायालय हे टप्पे आधी करावेतच. तेथे उपयोगी पडणारा कागदच पुढे जिनिव्हात उपयोगी पडतो.

वर्ग सुटल्यावर मी त्या विद्यार्थिनीला विचारले, प्रश्न का विचारलास? तिच्या गावात वस्तीवरच्या समाजमंदिराला बुद्ध विहार असे नाव द्यावे म्हणून अर्ज केलेला आहे. अर्ज तीनदा नेला, तीनदा तोंडी नकार मिळाला, आवक क्रमांक कोणी घातला नाही. मी म्हटले, मग जिनिव्हा राहू दे, चौथ्यांदा जाऊ नकोस, रजिस्टर पोस्टाने पाठव आणि पोचपावती जपून ठेव. आधीच्या तीन नकारांच्या तारखा, वेळ आणि तेथे कोण हजर होते ते वहीत लिहून काढ. पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली. दोन तारखा पक्क्या होत्या. तिसरी तिच्या आजीला आठवत होती, त्या दिवशी बाजार होता म्हणून.